घोगरा आवाज आणि डोरेमॉन

प्रश्न : मी बारावीत शिकते. माझा आवाज लहानपणापासून जाड आणि घोगरा आहे. फोनवर लोक मला 'दादा' म्हणतात, गॅदरिंगमध्ये निवेदनाला कुणी घेत नाही. मला अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून, फार आवडतात आणि आवाजाच्याच क्षेत्रात काम करायचं आहे. मूळ जपानी डोरेमॉनचा आवाज एका बाईंचा होता, हे खरं का? माझ्यासारख्या आवाजाला काम मिळतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हो, खरं आहे. त्या बाईंची गोष्ट तुला सविस्तर सांगते, कारण ती तुझ्या प्रश्नातूनच सुरू होते.

नोबुयो ओयामा यांचा जन्म १९३३ सालचा, टोकियोतला. त्यांचा आवाज असाच होता, जाड आणि खरखरीत. शाळेत मुलं हसायला लागली, तेव्हा त्यांनी वर्गात बोलणंच सोडून दिलं. आईने मात्र त्यांना गप्प बसू दिलं नाही. जे कमजोर वाटतं ते झाकून ठेवलं तर आणखी कमजोर होतं, म्हणून रोज मुद्दाम बोल, असं तिने मुलीला बजावलं. ओयामाबाईंनी शाळेच्या ध्वनिक्षेपण मंडळात नाव घातलं. हसणाऱ्या मुलांना आता तोच आवाज माइकवरून ऐकावा लागला! त्या आईला माझा नमस्कार.

पुढे त्या हाइयुझा या नाट्यसंस्थेच्या अभिनयशाळेत शिकल्या. हे तू नीट लक्षात घे. त्यांची तालीम नटीची झाली. १९५०च्या दशकात जपानी दूरचित्रवाणी नवी होती, परदेशी मालिका जपानीत करायला माणसं हवी होती आणि ती नाटकातून आली. ओयामाबाई अशाच एका अमेरिकन कुत्र्याच्या मालिकेतल्या छोट्या मुलाचा आवाज झाल्या. मग अ‍ॅनिमेत धडपड्या, मस्तीखोर मुलग्यांच्या भूमिका येत गेल्या. नाजूक नायिकेसाठी जो आवाज कुणी घेतला नसता, तोच या मुलांना शोभत होता.

डोरेमॉन त्यांच्याकडे १९७९च्या एप्रिलमध्ये आला, तेव्हा त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. त्याआधी १९७३ साली या पात्राची एक मालिका येऊन काही महिन्यांतच बंद पडली होती. तिच्यात आधी एका पुरुष नटाने आणि नंतर मासाको नोझावा यांनी डोरेमॉनचा आवाज दिला होता. म्हणजे आवाज ठरलेला नव्हता, तो शोधायचा होता. ओयामाबाईंनी सुरुवात पात्राच्या स्वभावापासून केली. हा यंत्रमानव मुलांना सांभाळण्यासाठी बनवलेला आहे, तेव्हा त्याच्या तोंडी शिवराळ बोलणं येणार नाही, असं त्यांनी ठरवलं. समोरच्याला नमस्कार करून आपलं नाव सांगणारा सभ्य डोरेमॉन घडला तो या विचारातून. मूळ चित्रकथेचे लेखक फुजिको एफ. फुजिओ यांनी तो ऐकून 'डोरेमॉनचा आवाज असा होता तर!' अशा अर्थाचे उद्गार काढले, ही आठवण ओयामाबाई सांगत. मला वाटतं, कुठल्याही लेखकाकडून नटाला याहून मोठी दाद मिळत नाही.

२००५च्या मार्चपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, त्यांनी हे काम केलं. मालिकेतल्या नोबिता या मुलाचा आवाज झालेल्या नोरिको ओहारा, त्याची मैत्रीण शिझुका झालेल्या मिचिको नोमुरा आणि इतर मुख्य कलाकार इतका काळ बरोबर राहिले. जपानमध्ये ध्वनिमुद्रणही एकत्र उभं राहूनच करायची पद्धत आहे. सगळे एका खोलीत, मोजके माइक, हातात स्क्रिप्ट, समोर पडदा. आपलं वाक्य आलं की पुढे व्हायचं, संपलं की चाहूल न देता मागे सरकायचं. पान उलटल्याचा आवाज चालत नाही, सळसळणारे कपडे चालत नाहीत. मी मुंबईत डबिंग करते, तिथे बहुतेकदा एकटीच हेडफोन लावून उभी असते आणि भांडणसुद्धा कानातल्या आवाजाशी करते. समोरच्याचा श्वास ऐकून उत्तर देणं काय असतं, ते मला श्रुतिका करताना कळलं. म्हणून त्या खोलीचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

ओयामाबाईंना २००१ साली कर्करोग झाला, त्यातून त्या उठल्या. डोरेमॉन सोडल्यावर २०१० साली एका व्हिडिओ गेममध्ये त्यांनी मोनोकुमा नावाचं अस्वल केलं. दिसायला खेळण्यातलं, करणी क्रूर. ज्या आवाजावर जपानची मुलं वाढली, त्याच जातीचा आवाज त्यांनी या दुष्टाला दिला आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. सत्तरी ओलांडलेल्या नटीची ही हिंमत मला डोरेमॉनइतकीच मोलाची वाटते. पुढे स्मृतिभ्रंशाने त्यांना गाठलं. २९ सप्टेंबर २०२४ रोजी, नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या.

आता तुझं. जाड आवाजाला काम मिळतं. म्हाताऱ्या, मुलगे, राक्षस, प्राणी, खलनायिका यांना तो लागतोच. पण केवळ जाड आहे म्हणून मिळत नाही. तू सांगलीत राहतेस, नाट्यपंढरीत. पुढच्या वर्षी कॉलेजच्या एकांकिकेत शिर, बॅकस्टेजला घेतलं तरी जा. गावात आकाशवाणीचं केंद्र आहे, तिथल्या आवाज चाचणीची चौकशी कर. रोज मोठ्याने वाच आणि स्वतःचं वाचन ध्वनिमुद्रित करून ऐक. आवाज बारीक करून बोलायची सवय लावून घेतली असशील तर आजच सोड, त्याने घसा बिघडतो. आणि पैशांचं घरी स्पष्ट सांग, सुरुवातीला ते थोडे असतात. जपानमध्येही नवख्याला अर्ध्या तासाच्या एका भागाचे पंधरा हजार येन मिळतात, वाक्य एक असो की शंभर. तिथल्या कलाकारांना १९७३ साली संप करून रस्त्यावर उतरावं लागलं, तेव्हा कुठे मानधन सुमारे तिप्पट झालं.

प्रश्न : नातवासोबत अ‍ॅनिमे पाहतो. तिथे मुलग्यांचे आवाज बायका का काढतात? मुलगे मिळत नाहीत का?
— एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : आजोबा, मिळतात, पण टिकत नाहीत. मुलाचा आवाज तेरा-चौदाव्या वर्षी फुटतो आणि मालिका वीस-वीस वर्षं चालतात. शिवाय लहान मुलांना रात्री उशिरापर्यंत कामावर ठेवायला कायद्याची बंदी आहे. बाईचा आवाज मात्र वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. वर ज्यांचं नाव आलं त्या मासाको नोझावा १९३६ साली जन्मल्या. 'ड्रॅगन बॉल' या अ‍ॅनिमेचा नायक गोकू त्यांनी १९८६ साली घेतला आणि नव्वदीच्या उंबरठ्यावरही त्याच गोकूचा आवाज त्या देत आल्या आहेत. गोकू मोठा झाला, बाप झाला, तरी आवाज बाईंचाच राहिला. त्याच्या दोन्ही मुलांचे आवाजही त्यांचेच. नातवाला गोकू आवडत असेल तर एखादा भाग मूळ जपानीत लावून द्या. बाप आणि मुलं एकमेकांशी बोलतात त्या प्रसंगांत एकच बाई सगळ्या जागा कशा वेगळ्या ठेवतात, ते तुम्हालाही ऐकू येईल.