चुलीपाशी : बाभूळ खरंच महाग पडते का?

प्रश्न : मावशी, साताऱ्याच्या पुढं हायवेला मी 'चुलीवरचं जेवण' असं छोटं हॉटेल काढतोय. भाकरी आणि मटण, एवढंच. वखारवाला आंबा स्वस्तात देतो म्हणतो, निलगिरी मधल्या भावात, बाभूळ सगळ्यात महाग. कुठलं जळण घेऊ?

उत्तर : भाकरी विकणार ना, मग बाभूळच घे. तव्यावर असते तोवर भाकरीला जाळ चालतो, पण ती टम्म फुगते निखाऱ्यापाशी उभी केल्यावर. बाभळीचा निखारा बराच वेळ धग धरतो. त्याच धगीवर वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, मटण रटरटत ठेवता येतं. निलगिरी चटकन पेटते, जाळ तव्याच्या कडेवरून वर येतो आणि बघता बघता राख. पेटवणापुरती थोडी ठेव, पण ओली असतानाच फोडून घे. वाळली की कुऱ्हाडीला दाद देत नाही. आंबा मऊ, त्याचा निखारा लवकर विझतो. जरा ओला निघाला की गिऱ्हाईक डोळे चोळत उठलंच म्हणून समज.

आणि स्वस्त का देतोय, तेही विचार की त्याला! आंबा, चिंच, जांभूळ, फणस तोडायला महाराष्ट्राच्या १९६४च्या झाडतोडीच्या कायद्यानं परवानगी लागते. कागद बघितल्याशिवाय गाडी उतरवून घेऊ नकोस.

आता भावाचं. वखारीत लाकूड वजनावर मिळतं. नीट वाळलेलं असेल तर किलोमागं धग सगळ्यांची जवळपास सारखीच. बाभूळ जड, म्हणून तेवढ्याच चुलीत जास्त मावते. नुकत्या तोडलेल्या लाकडात मात्र निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे शंभर किलोत पन्नास किलो पाण्याचे पैसे मोजायचे, वर ते पाणी उडवायलाही आपलंच जळण जाळायचं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघ. वाळलेल्या खणखण वाजतात, ओल्या धप्प. चुलीत घातल्यावर मागच्या टोकाला फेस येऊन चुरचुरायला लागलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच वखारवाल्याला गाठ.

पावसाळ्याचं जळण उन्हाळ्यातच फोडून, वारं खेळेल असं रचून पत्र्याखाली ठेव. प्लायवूडचे तुकडे फुकट मिळाले तरी चुलीत घालू नकोस, त्यातल्या गोंदाचा धूर थेट भाकरीला लागतो.