आरएसआय सत्तरीपार गेला म्हणून शॉर्ट करू नकोस

अरे, जरा थांब. आरएसआय सत्तरीपार गेला की भाव आता पडणार असं धरून लोक शॉर्ट करतात, म्हणजे शेअर आधी विकून नंतर स्वस्तात परत घ्यायला बघतात. आरएसआय (रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स) हे तांत्रिक विश्लेषक वेल्स वाइल्डरने १९७८ मध्ये मांडलेलं मोजमाप: १४ दिवसांच्या सरासरी वाढीला सरासरी घसरणीने भागायचं आणि ते गुणोत्तर ० ते १०० मध्ये बसवायचं. ते चालीचा जोर सांगतं, वळण नाही. दणकट तेजीत आरएसआय ७०च्या वर आठवडेच्या आठवडे ठाण मांडतो. माझे हात तिथेच पोळलेत.

चालीचा जोर समजायला आधी साधा आरओसी (रेट ऑफ चेंज, ठरावीक दिवसांत भाव किती टक्के बदलला) वहीत काढ. दहा दिवसांपूर्वीचा बंद भाव २००, आज २१०, म्हणजे ५ टक्के. उद्या भाव २१२ झाला, पण त्याच्या दहा दिवस आधीचा २०६ असला तर आरओसी जेमतेम २.९. भाव चढला, आकडा पडला, तोही जुन्या भावामुळे! एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नकोस, आठवडाभराची रेघ बघ.