घराचा हिशेब : काचेची खोली आणि नागपूरचा मे महिना

प्रश्न : सादर नमस्कार मॅडम. त्रिमूर्तीनगरात आमचं १९९८ साली बांधलेलं तळमजल्याचं घर आहे. प्लॉट ४० बाय ६०. मागे पश्चिमेला १६ फूट जागा मोकळी आहे. तिथे हॉलला लागून १२ बाय १० ची काचेची खोली काढायचं मनात आहे. तिन्ही बाजूंनी काच, वरही काच. सासूबाईंना हिवाळ्यात उन्हात बसता येईल, आणि मुलगी पुण्याहून आली की तिला तिथे बसून काम करता येईल. ह्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून पाच लाख बाजूला ठेवलेत. तीन फॅब्रिकेटरांनी चौरस फुटाला ६५०, १०५० आणि १७०० असे दर दिले. कागदांचे फोटो सोबत पाठवते. एकाच खोलीचे तीन दर कसे? पाच लाखांत होईल का? — एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, पाच लाखांत खोली होईल. पण तुम्ही लिहिलीत ती नाही होणार, आणि झाली तरी मार्च ते जून तिचं दार बंदच ठेवावं लागेल.

आधी तुमच्याच आकड्यांवर पेन्सिल फिरवू. उंची नऊ फूट धरली तर तीन बाजूंची काच २८८ चौरस फूट आणि छपराची १२०. एकूण ४०८. पहिल्याच्या दरानं २,६५,२००, दुसऱ्याच्या ४,२८,४०० आणि तिसऱ्याच्या ६,९३,६००. आता तिन्ही कागद खालून वाचा. तिघांनीही अगदी बारीक अक्षरात ‘जीएसटी एक्स्ट्रा’ लिहिलंय. १८ टक्के चढवले की मधला भाव ५,०५,५१२ होतो. म्हणजे पाया, फरशी, वीज, रंग यांचा एक रुपया लागायच्या आतच पाच लाख संपले.

तीन दर का, ते कागदावरच लिहिलेलं आहे, किंवा लिहिलेलं नाही. पहिल्याच्या कागदावर एकच ओळ आहे : ‘ग्लास वर्क कम्प्लीट’. काच किती मिमी, साधी की टफन्ड (भट्टीत तापवून कडक केलेली), चौकटीच्या ॲल्युमिनियमचा सेक्शन कोणता, काही नाही. अशा कागदावर सही करू नये. दुसऱ्यानं ८ मिमी टफन्ड आणि पावडर कोटिंगचं सेक्शन लिहिलंय, पण सेक्शनची जाडी गाळलीय. ॲल्युमिनियम किलोवर विकलं जातं, १.२ मिमी आणि २ मिमी जाडीची सेक्शनं लांबून सारखीच दिसतात आणि पैसा तिथेच वाचवला जातो. त्याला जाडी विचारा आणि सगळ्या सेक्शनचं मिळून वजन किती भरेल तेही लिहून मागा. तिसऱ्यानं बाजूंना दुहेरी काच दिली आहे. ६-१२-६ म्हणजे ६ मिमीच्या दोन काचा आणि मध्ये १२ मिमीची बंद पोकळी. छपराला त्यानं लॅमिनेटेड काच धरलीय. तिघांमध्ये सरळ माणूस तोच वाटतो. महाग आहे, पण काय देतो ते सांगतो.

तिघांच्याही कागदात न दिसणाऱ्या गोष्टी : मच्छरजाळीचा तिसरा ट्रॅक, पायाड, मलबा उचलणं आणि जुन्या भिंतीला नवं छप्पर भिडतं तिथला सांधा. डासांच्या या गावात जाळीशिवाय स्लायडिंग घेऊ नका.

आता छपराचं. सगळा खेळ तिथेच आहे.

नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात, नेमका नवतपा (उन्हाळ्याचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागतो तेव्हाच, दुपारचा सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर असतो. जुलैच्या मध्यावर पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. भर दुपारी आडव्या पृष्ठभागावर चौरस मीटरला साधारण एक किलोवॉट ऊन पडतं. तुमचं छप्पर ११ चौरस मीटरचं. साध्या पारदर्शक काचेतून त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास आत येतं, म्हणजे नऊएक किलोवॉट. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर फेकतो. नुसत्या छपरासाठी जवळजवळ दोन एसी झाले. भिंती अजून धरल्याच नाहीत. ऊन अडवणारी चांगली, महागडी काच लावली तरी एसीवर एक टनभर ओझं राहतंच. पुण्याहून आलेली मुलगी मे महिन्यात लॅपटॉप घेऊन हॉलमधल्या कूलरसमोरच बसेल, हे मी आत्ताच लिहून देते.

काचेच्या छपराची बाकीची दुखणी वेगळी. ते लॅमिनेटेडच हवं, कारण टफन्ड काच कधीकधी काही न लागताही फुटते आणि तिचा चुरा खाली बसलेल्याच्या डोक्यावर पडतो. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांमधला थर तुकडे धरून ठेवतो. फेब्रुवारी-मार्चमधली विदर्भातली गारपीट तुम्हाला सांगायला नको. सेमिनरी हिल्सच्या अंगाला राहणाऱ्यांना तर वानरांच्या उड्याही हिशेबात धराव्या लागतात. शिवाय ते धुणार कोण? आपल्याकडे एप्रिलच्या एका वावटळीत छपरावर एवढी धूळ बसते की वर काच आहे की पत्रा, ते कळत नाही.

म्हणून छप्पर पफ पॅनलचं करा. वरखाली पत्रा, मध्ये फोम. वजनाला हलकं, उन्हाला बरं, आणि पावसात टिनासारखं तडतडत नाही. ते एमएसच्या, म्हणजे लोखंडी, पाइपांवर बसवा. जुन्या भिंतीवर भार टाकू नका. आकाश दिसायलाच हवं असेल तर उत्तरेकडच्या कोपऱ्यात २ बाय ३ फुटांचा लॅमिनेटेड तुकडा ठेवा.

मग सासूबाईंचं ऊन? ते वरून घ्यायचंच नाही, दक्षिणेकडून घ्यायचं. डिसेंबरच्या शेवटी दुपारचा सूर्य दक्षिणेला ४५ अंशांवर असतो. दक्षिणेची दहा फुटांची बाजू पूर्ण काचेची ठेवा आणि वर दोन फुटांचा छज्जा काढा. हिवाळ्यात त्या छज्जाखालून ऊन सात फूट आत येतं. बारा फुटांच्या खोलीत सात फूट ऊन. खुर्ची, वाती वळायची परडी, पेपर, सगळं मावतं. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत तोच छज्जा भर दुपारी ती काच पूर्ण सावलीत ठेवतो. इथे एकेरी टफन्ड पुरते, महागडी नको.

पश्चिमेला मात्र विटांची भिंत घ्या. ज्या बाजूला मे महिन्यात सहा वाजेपर्यंत ऊन तापतं, तिथे बारा फूट काच लावायची आणि मग तिच्यावर जाड पडदे लावायचे, हा दुहेरी खर्च कशाला? चार बाय चारची एक खिडकी द्या आणि तेवढीच दुहेरी काचेची करा. उत्तरेला पाच फूट उंच खिडकी, दहा फूट लांब, उघडणारी. तिच्याबद्दल काळजी नाही.

पुन्हा हिशेब करू. दक्षिणेची ९० आणि उत्तरेची ५० मिळून १४० चौरस फूट, १०५० च्या दरानं १,४७,०००. पश्चिमेची १६ चौरस फूट १७०० च्या दरानं २७,२००. जीएसटी धरून २,०५,५५६. पाच लाखांतून तेवढे गेले की हातात २ लाख ९४ हजार राहतात. त्यातले ५० हजार वेगळ्या पाकिटात ठेवा, त्यांना हात लावू नका. उरलेल्या २ लाख ४४ हजारांत पाया, छप्पर, भिंत, फरशी, वीज, रंग. मिस्त्रीकडून याचं लेखी एस्टिमेट घ्या. बसत नसेल तर खोली १२ ऐवजी १० फुटांची करा, पण छज्जा आणि पफ पॅनल कापू नका. मी आयुष्यभर अंदाजपत्रकं केली. पैसा कमी पडला की लोक आधी न दिसणाऱ्या गोष्टी कापतात आणि टाइल्स मात्र भारीतल्याच घेतात.

पाकिटातले ५० हजार बहुतेक पायाच्या वाढीव कामात जातील. नागपुरात कितीतरी भागांत खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा टाकते. मागच्या अंगणात एक खड्डा घेऊन पाहा. काळी निघाली तर ती काढून मुरूम भरावा लागेल. नव्या खोलीचा पाया जुन्या घराच्या पायाला जोडू देऊ नका. दोघांमध्ये सांधा सोडायचा, कारण जुनं घर केव्हाचं बसलंय आणि नवं अजून बसायचंय. मिस्त्री म्हणेल, ‘‘मॅडम, होऊन जाते ना, सळई टाकून जोडून देतो.’’ तसं जोडलं की पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात जोडावर तिरपी भेग येते, चौकट अर्ध्या सुतानं तिरकी होते आणि स्लायडिंग जुलैत अडकून बसतं. मग बोलणी फॅब्रिकेटर खातो.

आणखी एक खर्च तुमच्या पत्रात नाही, पण घराच्या नकाशात आहे. हॉलचा कूलर कुठे आहे? मागच्या खिडकीला असेल, तर नवी खोली नेमकी त्याच्यासमोर येते. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. बंद खोलीतली हवा ओढली तर दोन तासांत हॉल दमट होईल. म्हणजे कूलर दुसऱ्या खिडकीला, नवीन स्टँड, पाण्याची लाइन, विजेचा पॉइंट. रक्कम मोठी नाही, पण एप्रिलमध्ये अचानक आठवली की फार मोठी वाटते.

परवानगीबद्दल थोडक्यात. काच आहे म्हणून ते बांधकाम नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. छप्पर आणि भिंती आल्या की चटई क्षेत्र आलं. मागे किती मार्जिन सोडायचं हे डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत आहे. १६ फुटांतले दहा घेऊन सहा उरतात. ते पुरतात की नाही हे मंजूर नकाशा घेऊन आर्किटेक्टकडून तपासा. घराची आरएल (नागपूर सुधार प्रन्यासचं रिलीज लेटर) असेल तर ती आणि तिच्यासोबतचा नकाशाही काढून ठेवा. आर्किटेक्टची फी आणि मनपाचे शुल्क पाच लाखांतच धरा, आणि पुढे घरटॅक्स थोडा वाढेल हेही.

पैसे देण्याचा क्रम. दुसऱ्या फॅब्रिकेटरनं ऑर्डरसोबत ७० टक्के मागितलेत. एवढे देऊ नका, पण त्याचीही बाजू समजून घ्या. टफन्ड काच भट्टीत ६०० अंशांच्या वर तापवून एकदम थंड करतात. त्यानंतर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. तुमच्या मापाची काच दुसऱ्या कुणाच्या कामाची नाही. म्हणून भट्टीला पाठवायच्या वेळी त्याला मोठी रक्कम लागणारच. मात्र माप प्लास्टर आणि फरशी पूर्ण झाल्यावरच घेऊ द्या, त्याआधी नाही. ऑर्डरला थोडे, चौकट बसली आणि अंतिम माप झालं की मोठा हप्ता, काच बसल्यावर पुढचा, आणि दहा टक्के मृगाचा पाऊस पडून गेल्यावर. काम नोव्हेंबरमध्ये काढलंत तर पावसाची वाट पाहायला तो कुरकुर करेल. त्याच्यासमोर बागेचा पाइप अर्धा तास प्रत्येक सांध्यावर धरा आणि निम्मे तेव्हाच देऊन टाका.

सांध्यांवरून आठवलं. जानेवारीतल्या सकाळपासून मेमधल्या दुपारपर्यंत चौकटीचं तापमान ५० अंशांनी बदलतं असं धरा. दहा फुटांचं ॲल्युमिनियम त्यात साडेतीन मिमी वाढतं, काच दीड मिमीही वाढत नाही. हा फरक सिलिकॉननं सोसायचा असतो. कारागीर ट्यूब उघडेल तेव्हा जवळ जाऊन वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते बाथरूमच्या आरशाचं सिलिकॉन आहे. प्लास्टरला ते नीट धरत नाही. बाहेरच्या कामाला न्यूट्रल, वेदर ग्रेडचं लागतं. ट्यूबमागे फरक थोडाच असतो, पण एका ट्यूबसाठी छताखालची भिंत ओली झालेली मी धरमपेठेतल्या चांगल्या घरातही पाहिलीय.

प्रश्न : मनीषनगरला पाचव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. हॉलच्या गॅलरीला काचेचं स्लायडिंग लावून ती आत घ्यायची आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, टफन्डऐवजी साधी ८ मिमी लावली तर १२ हजार वाचतात. वाचवावेत का? — एक वाचक

उत्तर : नाही. साधी काच फुटली तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे पाच मजले खाली पार्किंगमध्ये जातील. रेलिंगही काढू नका. काच रेलिंगच्या आत बसवा. आधी सोसायटीचं लेखी एनओसी घ्या आणि मंजूर नकाशात गॅलरी कशी दाखवली आहे ते पाहा.

हॉलच्या एसीचं आउटडोअर युनिट त्याच गॅलरीत आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर काच लावल्यावर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढेल आणि मे महिन्यात ट्रिप होत राहील. ते बाहेरच्या भिंतीवर न्यायचं तर स्टँड, जास्तीची तांब्याची पाइप, गॅस आणि पाचव्या मजल्यावर बाहेर लटकून काम करणाऱ्या माणसाची मजुरी लागते. हा भाव आधी एसीवाल्याकडून घ्या, स्लायडिंगचा त्यानंतर. आणि गॅलरीतलं पाणी जाण्याचं भोक ट्रॅकखाली बुजवू देऊ नका.