गावठाणातलं पडकं घर, नमुना ८ आणि बांधकाम परवानगी

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: अमळनेर तालुक्यात गावठाणात आजोबांचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, गेल्या पावसात मागचे दोन खण बसले. तिथे खाली-वर स्लॅबचं घर बांधायचंय. काका म्हणतात, "गावमां कोन इचारस?" नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्याला, नाव अजून आजोबांचंच. परवानगी लागते का, आणि ती कोण देतं?

लागते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे गावात नवं बांधायचं किंवा जुनं पाडून पुन्हा बांधायचं, तर ग्रामपंचायतीची पूर्वपरवानगी हवी. गावठाणातल्या लहान घरांसाठी आता हे बरंच सोपं झालंय. प्लॉट १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण सोळाशे चौरस फूट असेल, तर मालकीचे कागद, परवानाधारक इंजिनिअरने सही केलेला नकाशा आणि त्याचा दाखला जोडायचा, शुल्क भरायचं आणि ग्रामपंचायतीला कळवायचं. त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंत ग्रामपंचायतीचं परवानगीपत्र लागतं. नगररचना कार्यालयाच्या फेऱ्या यात नाहीत. ग्रामसेवकाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, अर्ज त्यांच्याकडेच द्यायचा. आवक क्रमांक आणि शिक्का घातलेली पोच हातात आल्याशिवाय तिथून उठू नका.

पण तुमचं काम अर्जाआधीच अडेल, मोजमापावर आणि सह्यांवर. मी स्वतः त्यात पोळलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं घर चोपड्याकडचं. नमुना ८ ला रुंदी ३० फूट. त्याच भरवशावर इंजिनिअरने नकाशा काढला, आम्ही घर उतरवलं. पायाची आखणी करायला दोरी धरली, तर टेपवर सत्तावीस फूट आणि चार बोटं. तीन फूट गेले कुठे? जुन्या मातीच्या भिंती दोन-दोन फुटांच्या, शेजाऱ्याची आणि आमची सामाईक. त्यांनी आमच्याआधी नऊ इंची विटांचं बांधलं तेव्हा जुनी भिंत पूर्ण आपल्याकडे धरली, उरलेला फूटभर ओट्यात गेला. आम्ही तिथे खोदायला लागताच त्यांचा तक्रार अर्ज, मग काम थांबवायची नोटीस. आठ महिने काम बंद. उतरवलेल्या सागाच्या तुळया ताडपत्रीखाली रचून ठेवल्या होत्या, एका पावसाळ्यात त्यांना वाळवी लागली. आजोबांनी त्या बैलगाडीने आणलेल्या होत्या.

म्हणून घर उतरवायच्या आधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. तुमच्या गावाची स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड निघालं असेल. आधी ते काढा. नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावात सगळे त्यालाच मालकी समजतात आणि तिथेच फसतात. सामाईक भिंत कुणाची, पावळीचं पाणी कुणाच्या बाजूला पडणार, हे शेजाऱ्याशी बसून कागदावर घ्या, दोन पंच ठेवा, फोटो काढून ठेवा.

दुसरं, वारस. आजोबांच्या मृत्यूचा दाखला जोडून सगळ्या वारसांची नोंद लावा. सगळ्या म्हणजे आत्यासुद्धा. "आत्या काय मागणार आहेत?" असं म्हणून त्यांना वगळू नका. त्यांचा हक्क आहेच. त्या मनाने सोडत असतील तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र करा, नाहीतर बांधकामाला त्यांचं संमतीपत्र घ्या. पुढे गृहकर्ज काढायचं ठरलं, तर बँक हे सगळं एकेक करून मागेल, आणि त्या वेळी धावपळ करून सह्या मिळत नाहीत.

घर गावठाणाबाहेर असतं तर वाट वेगळी होती. तिथे सातबारा आणि अकृषिकचा, म्हणजे शेतजमीन घरासाठी वापरण्याचा, प्रश्न येतो. गावठाणाच्या हद्दीलगतच्या जमिनीला आता कोणता नियम लागतो, हे तहसीलदारांकडे विचारा. शिरपूर, साक्री, शहादा भागातल्या वाचकांनी एवढं पाहावं: आदिवासी खातेदाराची किंवा भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विकायला सरकारी बंधन असलेली जमीन असेल, तर तिच्या खरेदीलाच वरिष्ठ परवानगी लागते. प्लॉटच्या दलालाच्या तोंडी शब्दावर इसार देऊ नका.

आणखी एक, कागदाबाहेरचं. गावठाण म्हणजे पांढरी. खाली शेकडो वर्षांची राख, पडक्या भिंती, भर. जुन्या घरांत धान्याची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं असायची, त्यातली कितीतरी वरवर बुजवलेली आहेत. आमच्या माजघराखाली पहार एकदम हातभर आत गेली, तेव्हा पेव सापडलं. कॉलमचा खड्डा त्यावर आला असता तर? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पेव कुठे होतं ते विचारा, आणि कठीण मुरूम लागेपर्यंत खोदल्याशिवाय इंजिनिअरला पाया भरू देऊ नका.

काकांशी वाद घालू नका. मोजणीच्या दिवशी त्यांनाच टेपचं दुसरं टोक धरायला उभं करा, हद्दीच्या जुन्या खुणा त्यांनाच ठाऊक असणार. आत्यांकडे मात्र फोन करून भागवू नका, स्वतः जा.