पुन्हा पाहणं की पारायण?

प्रश्न असा आला आहे : ‘आम्ही चौघं मित्र ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही मालिका पहिल्या भागापासून परत पाहतोय. दर शनिवारी दोन भाग, मग त्यावर गप्पा. या ‘रीवॉच’ला मराठीत काय म्हणावं? एकाने ‘पुनर्दर्शन’ सुचवलं. मी ‘पारायण’ म्हटलं, तर बाकीचे हसले.’

हसू देत. शब्द तुमचाच बरोबर आहे.

‘पुनर्दर्शन’ कागदावर चोख दिसतो, पण ऐकताना ‘पुनर्दर्शनाय च’ आठवतं आणि कुणीतरी चपला घालून निघाल्यासारखं वाटतं. ‘उजळणी’ला पाढ्यांचा आणि परीक्षेचा वास. ‘पुनःप्रक्षेपण’ हे वाहिनीचं काम. तुमच्या मालिकेच्या आधीची मूळ ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानावरची अमेरिकी मालिका १९६६ ते १९६९ एवढीच चालली, ७९ भागांनंतर बंद झाली. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांवर ती परत परत लागत राहिली, तेव्हा कुठे तिचा चाहतावर्ग वाढला. वाहिन्यांनी केलं ते पुनःप्रक्षेपण, आणि त्याच्या जोरावर लोकांनी केली ती पारायणं.

‘आवर्तन’ बराच जवळ येतो. पण आवर्तन लहान गोष्टीचं होतं, अथर्वशीर्षाचं किंवा तबल्यावरच्या तालाचं. शिवाय नगर-नाशिककडच्या माणसाला आवर्तन म्हटलं की कालव्याला पाणी सुटल्याचीच बातमी ऐकू येते.

पारायण म्हणजे पार + अयन, पलीकडच्या तीराला जाणं. त्यामुळे त्यात तीन अटी आल्याच : क्रमाने, काही न गाळता, शेवटापर्यंत. आवडता एखादाच भाग दहा वेळा पाहिलात तर ते पारायण नव्हे, ती निव्वळ हौस. तिला ‘परत पाहिला’ एवढं पुरे. तुमचं मात्र पारायणच आहे, आणि तेही दांडगं. एकूण १७८ भाग, आठवड्याला दोन, म्हणजे ८९ शनिवार. गुरुचरित्राचा सप्ताह परवडला!

शब्द धार्मिक आहे हा आक्षेप मला पटत नाही. पोथीतून तो कधीच बाहेर पडलाय. आमच्या घरी कथाकथनाच्या कॅसेटींची इतकी पारायणं झाली की एक फीत शेवटी टेपरेकॉर्डरमध्येच अडकून तुटली, आणि तेव्हा या शब्दाला कुणी हसलं नव्हतं.

पण मला हा शब्द आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. पारायणाला बसणाऱ्याला गोष्ट आधीच ठाऊक असते. पुढे काय होणार हा प्रश्नच मिटल्यामुळे लक्ष शब्दांकडे जातं. तुमच्याच मालिकेतला ‘डारमॉक’ हा १९९१चा भाग घ्या. त्यातले टामेरियन हे परग्रहावरचे लोक फक्त दाखल्यांमध्ये बोलतात. अनुवादयंत्र शब्द बरोबर सांगतं, पण दाखल्यामागची कथा माहीत नसल्याने मालिकेतल्या यानाचा प्रमुख कॅप्टन पिकार्ड याला अर्थ लागत नाही. सुरुवातीच्या भेटीत टामेरियनांचे अधिकारी हसू लागतात, तेव्हा त्यांचा कप्तान ओरडतो, ‘तेमार्क नदी!’ आणि मग, ‘हिवाळ्यात.’ पहिल्यांदा पाहताना ही निव्वळ बडबड वाटते. दुसऱ्या खेपेला कळतं की नदी गोठलेली आहे, म्हणजे तो त्यांना ‘गप्प बसा’ म्हणतोय. ‘शाका, भिंती कोसळल्या तेव्हा’ म्हणजे सगळं फसलं, हेही तसंच.

यात आपल्याला परकं काहीच नाही. ‘सुदाम्याचे पोहे आहेत, गोड मानून घ्या’, ‘कुणीतरी ध चा मा केला’, ‘प्रकल्पाचं पानिपत झालं’ ही वाक्यं पिकार्डच्या यंत्रातून काढून पाहा. पोहे, अक्षर, गाव, एवढंच हाती लागेल. मराठी माणूस अर्धा टामेरियन आहेच.

जाता जाता, ‘सीझन’ला ‘पर्व’ म्हणायला हरकत नाही. पर्व म्हणजे मुळात सांधा, उसाचं पेर असतं तसा. एक संपून दुसरं सुरू होतं ती जागा. ‘एपिसोड’ला ‘भाग’ सरळ आहे. ‘अध्याय’ नको, तिथे मात्र विनोद होतो.

राहिल्या नंतरच्या गप्पा. पारायण म्हटलं की ‘निरूपण’ म्हणावंसं वाटेल, पण निरूपणात एक बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. तुमच्या चौघांत तसा एक असेलच, तरी शब्द ‘चर्चा’च ठेवा.

तेव्हा पुढचं निमंत्रण असं धाडा : ‘पारायण चालू आहे. शनिवारी पाचव्या पर्वाचे पहिले दोन भाग. चर्चा चहानंतर.’ त्या दोनांतला दुसरा ‘डारमॉक’च आहे. हसणारे मित्र त्या दिवशी परत हसले, तर ‘तेमार्क नदी’ एवढंच म्हणा.