सायकलवरून कामावर : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून अधिक पत्रं एकट्याने नव्हे, तर चारचौघांनी मिळून सायकलवर कामाला जाण्याबद्दल आहेत. म्हणून तेवढेच प्रश्न घेतले आहेत. गिअर कोणते घ्यावेत, सीट कुठलं चांगलं, हे पुढच्या अंकात.

प्रश्न : आम्ही सात जण कोथरूडहून हिंजवडीला सायकलवर जायचं ठरवलं. अंतर साधारण १८ किलोमीटर. पहिले चार दिवस मजा आली. मग पुढचे पुढे जायला लागले, मागचे मागे राहिले आणि आता जो तो आपापला जातो. ग्रुप टिकवायचा कसा? (कोथरूड)

तुमचा ग्रुप वेगामुळे फुटला, असं दिसतं. रविवारी लांब जाणाऱ्यांचे नियम कामाच्या दिवशी लावले की हे हमखास होतं. आधी हिशेब करा. १८ किलोमीटर ताशी १८ च्या वेगाने गेलात तर एक तास लागतो, ताशी १५ ने गेलात तर एक तास बारा मिनिटं. म्हणजे सगळ्यात हळू चालवणाऱ्याला सोबत घेण्याची किंमत फार तर बारा मिनिटं, आणि सिग्नल धरले तर त्याहूनही कमी, कारण पुढे पळालेला पुढच्या लाल दिव्याला उभाच सापडतो. तेव्हा निघायची वेळच दहा-बारा मिनिटं अलीकडे घ्या.

पुढे एक आणि शेवटी एक अशी दोन माणसं रोज ठरलेली हवीत. पुढच्याने रस्ता आणि वेग सांभाळायचा. शेवटच्याच्या मागे कुणीही राहता कामा नये, हे त्याचं एकमेव काम. हा शेवटचा माणूस पक्का चालवणारा असावा आणि पंक्चरचं सामान त्याच्याकडे असावं. बरेच जण नेमकं उलटं करतात : सगळ्यात तगडा गडी पुढे, हवेचा पंप त्याच्या बॅगेत, आणि पंक्चर झालेला दोन किलोमीटर मागे.

चांदणी चौकाच्या चढावर एकत्र राहायचा हट्ट धरू नका. चढावर प्रत्येकाची लय वेगळी असते; दुसऱ्याच्या लयीत चढवलं की दोघांचेही गुडघे बोलायला लागतात. ज्याने त्याने आपापल्या गतीने चढावं आणि वर, रहदारीपासून बाजूला, ठरलेल्या जागी थांबावं. पुढचे थांबेही असेच आधी ठरवा. तीन-चारच्या वर नकोत, नाहीतर निम्मा वेळ पाय टेकण्यातच जातो. आणि एक कटू पण उपयोगी नियम : शेवटचा माणूस थांब्यावर पोचला की लगेच निघायचं नाही. त्याला दोन मिनिटं द्या. पुढचे विश्रांती घेऊन ताजे झालेले असतात, तो धापा टाकत येतो आणि लगेच ‘चला’ ऐकतो. आठवडाभर असं झालं की तो यायचा बंद होतो.

निघताना मात्र कुणासाठी थांबायचं नाही. सात पंचवीस म्हणजे सात पंचवीस. येणार की नाही ते आदल्या रात्री कळवायचं, आणि नाही आलं तर कारण विचारायचं नाही. रोज खुलासा द्यावा लागणारी सोबत फार दिवस टिकत नाही.

रस्त्यावर एकामागे एक चला. गप्पा थांब्यावर. दोन सायकलींमध्ये निदान एक सायकल मावेल इतकं अंतर सोडा. उतारावर त्याच्या तिप्पट. पुढच्याने मोठ्याने ‘खड्डा’, ‘थांबतोय’, ‘डावीकडे’ म्हणायचं आणि प्रत्येकाने ते मागे पोचवायचं. खड्ड्याकडे बोटही दाखवता येतं, पण ब्रेक दाबत असाल तर हात सोडू नका, आवाज पुरे.

प्रश्न : आमच्या पाच जणांच्या ग्रुपसाठी पंक्चरचं एकच सामायिक सामान घ्यायचं आहे. त्यात काय काय ठेवावं? शिवाय एकदा काढलेलं पंक्चर दुसऱ्या दिवशी परत होतं, ते का? (नाशिक)

खरेदीच्या आधी पाचही सायकलींच्या टायरच्या कडेवरचे आकडे वहीत उतरवा. एकाचा २६ × १ ३/८, दुसऱ्याचा ७०० × ३५, तिसऱ्याचा २७.५ × २.१ असेल, तर एकाची ट्यूब दुसऱ्याला चालणार नाही. म्हणून ट्यूब ज्याची त्याने बाळगायची. वॉल्व्हही पाहा. मोटरसायकलसारखा जाड, बारीक लांब पितळी, की जुन्या सायकलींचा आत रबरी नळी असलेला? पहिल्या दोन्हींना बसेल असा पंप घ्या. तिसऱ्याला बारीक वॉल्व्हचीच जोडणी बहुधा चालते, पण लावून पाहा, आणि सोबत रबरी नळीचा बोटभर तुकडा ठेवा. ही नळी उन्हाने कुजते, हवा हळूहळू जाते आणि माणूस ट्यूबमध्ये पंक्चर शोधत बसतो. वॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचं बोट लावा. बुडबुडा आला तर नळी बदला, ट्यूबला हात लावायची गरजच नाही.

सामायिक पिशवीत पंप, टायर काढायचे प्लास्टिकचे तीन लिव्हर, आठ-दहा ठिगळं, पॉलिश पेपरचा तुकडा, सोल्युशनच्या दोन लहान ट्यूबा, ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन चाव्या आणि नटवाल्या चाकांसाठी पाना हवा. पुष्कळ सायकलींना १५ मिलिमीटरचा लागतो, पण तुमच्या सायकलीवर लावून पाहूनच घ्या. सोल्युशनच्या दोन ट्यूबा एवढ्यासाठी, की एकदा उघडलेली ट्यूब काही आठवड्यांत आतल्या आत सुकते आणि हे कळतं ते नेमकं रस्त्यात. जुना टायर कापून काढलेली चार बोटं रुंद पट्टीही ठेवा. टायर चिरला तर ट्यूब आणि टायरच्या मध्ये ती घातली की घर गाठता येतं.

पंक्चर परत होण्याची कारणं ठरलेली आहेत. ट्यूब काढली, ठिगळ लावलं, पण टायरमध्ये बाभळीचा काटा तसाच राहिला, हे पहिलं. म्हणून ट्यूब काढताना ती कोणत्या बाजूने बसली होती ते लक्षात ठेवा. भोक सापडलं की ट्यूब टायरशेजारी तशीच धरा आणि त्या जागी टायर आतून बाहेरून तपासा. बोट फिरवताना बेताने, कारण काट्याऐवजी काचही निघते. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या तर काटा शोधू नका. हवा कमी होती, खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायर यांच्यात चिमटली गेली. ७०० × ३५ च्या टायरमध्ये सत्तर किलोच्या माणसाने मागे ५५ आणि पुढे ४५–५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवावी, मात्र टायरवर छापलेल्या मर्यादेत. भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे आणि आऱ्याचं टोक टोचतंय.

राहिलं ठिगळ. ते निघतं ते घाईमुळे. पॉलिश पेपरने घासून चमक घालवायची, सोल्युशनचा पातळ थर ठिगळापेक्षा थोडा मोठा पसरायचा आणि मग चार-पाच मिनिटं काहीही करायचं नाही. बोट लावल्यावर ओलं लागत नाही, तेव्हाच ठिगळ दाबायचं. फुंकर मारून वाळवू नका, तोंडातला दमटपणा त्यावर बसतो. खरं तर रस्त्यात ठिगळ लावूच नये. नवी ट्यूब घालून निघावं आणि जुनी संध्याकाळी सावकाश दुरुस्त करावी. म्हणून तर ट्यूब ज्याची त्याच्याजवळ.

प्रश्न : माझ्याकडे गिअर नसलेली जुनी लेडीज सायकल आहे. ऑफिसातल्या मैत्रिणी सोबत ये म्हणतात, पण माझ्यामुळे सगळ्यांना उशीर होईल असं वाटतं. नवी सायकल घेणं आत्ता जमणार नाही. (सांगली)

नवी सायकल नकोच, ताई. आधी सीट वर घ्या. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. मग पाऊल नेहमीसारखं ठेवलं की गुडघ्यात थोडा वाक राहतो. बहुतेक जुन्या सायकलींचं सीट दोन-तीन इंच खाली असतं, थांबल्यावर दोन्ही पाय टेकावेत म्हणून, आणि दम तिथेच जातो.

दुसरं काम सायकलवाल्याकडचं. पायडलजवळच्या पुढच्या दातेरी चकतीचे आणि मागच्या फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचे) दाते मोजा. पुढे ४४ आणि मागे १८ असतील तर मागचं फ्रीव्हील २२ दात्यांचं बसवून घ्या. पायावरचा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी होईल. सपाट रस्त्यावर पाय थोडे भरभर फिरवावे लागतील, एवढंच. चार दाते वाढले की चाक साधारण १३ मिलिमीटर पुढे सरकवावं लागतं. खाचेत तेवढी जागा असेल तर चेन तीच चालते, नसेल तर जोड वाढवावा लागतो. चाक सरकलं की मागचे ब्रेक रबर रिमवर नीट बसत नाहीत. ते परत लावून घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.

आणि मैत्रिणींना वरचं कोथरूडचं उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : पावसात सोबत जाताना कोणती काळजी घ्यावी? (कोल्हापूर)

मागच्या मडगार्डला रबरी झालर लावा, जमिनीपासून चार बोटांवर येईल इतकी लांब. ती तुमच्यासाठी नाही, मागच्यासाठी. झालर नसलेल्याच्या मागे राहणाऱ्याच्या तोंडात रस्त्याचा सगळा चिखल जातो, आणि तो सभ्य असेल तर काही बोलत नाही. पुढच्या मडगार्डची झालर मात्र तुमचेच बूट आणि चेन वाचवते. बाद झालेल्या ट्यूबचा तुकडा आणि दोन नट-बोल्ट यांत हे काम होतं.

रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ओल्यात चाकाचे पहिले एक-दोन फेरे ब्रेक लागतच नाही, रबर नुसतं पाणी पुसतं. म्हणून पाऊस सुरू झाला की अंतर दुप्पट करा आणि उतार लागण्याआधी ब्रेक हलके टेकवून रिम कोरडी करून घ्या. आठवड्यातून एकदा रबरात रुतलेले खडे टोकदार वस्तूने काढा, नाहीतर ते रिम खातात. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि पहिल्या पावसात रस्त्यावर तरंगणारं तेल यांवर वळायचं नाही आणि ब्रेकही दाबायचा नाही. सरळ पार व्हायचं. साचलेल्या पाण्यात खड्डा किती खोल हे पुढच्यालाही कळत नाही. त्याने वाट बदलली तर त्याच्याच वाटेने जा.

चेनला दर जोडावर एक थेंब तेल, दहा मिनिटं थांबून वरचं तेल फडक्याने पुसून टाका. तेल चेनच्या आतल्या रोलरला हवं. वर राहिलेल्या तेलाला फक्त वाळू चिकटते. सगळ्या सायकली एका रांगेत उभ्या करून स्प्रे मारू नका. शेजारच्या डिस्कवर तुषार गेले की त्याचे ब्रेक पॅड बाद. पावसाळा संपला की चेनवर पट्टी धरा : बारा पूर्ण जोड (आतली आणि बाहेरची कडी मिळून एक) बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. इंचाचा सोळावा भाग वाढला असेल तर चेन बदला. आठवा भाग वाढेपर्यंत थांबलात तर मागचे दातेही बदलावे लागतील.

प्रश्न : वांद्र्याहून प्रभादेवीला आम्ही तिघे जातो. सी लिंकवर सायकल नेता येते का? (वांद्रे)

नाही. तिथे सायकल आणि दुचाकी दोन्हींना बंदी आहे. माहीम कॉजवेवरून वीर सावरकर मार्ग धरा. मंगळवारी सिद्धिविनायकाजवळ आणि बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेमुळे गर्दी असते, अंगारकीला तर विचारूच नका. त्या दोन दिवशी वीस मिनिटं लवकर निघायचं, हे तिघांनी आधीच ठरवून ठेवा.

प्रश्न : रस्त्यात अनोळखी सायकलवाला खोळंबलेला दिसला तर थांबावं का? मला दुरुस्ती फारशी येत नाही. (डोंबिवली)

थांबा. ‘काही लागतंय का?’ एवढं विचारा, सायकलीला न विचारता हात लावू नका. दहातल्या बऱ्याच जणांना फक्त पंप हवा असतो.

चेन उतरली असेल तर दोन माणसांत अर्ध्या मिनिटाचं काम आहे. गिअरची सायकल असेल तर एकाने सीट धरून मागचं चाक उचलायचं. दुसऱ्याने मागच्या गिअरचा लोंबता हात पुढे ढकलून चेन सैल करायची, पुढच्या चकतीच्या खालच्या दात्यांवर ती टेकवायची आणि पायडल हाताने उलटं फिरवायचं. बोटं दात्यांपासून लांब. सायकल पडल्यामुळे चेन उतरली असेल, तर मागून पाहा, गिअर आत वाकलाय का. वाकला असेल तर त्याला सांगा, सर्वांत मोठ्या मागच्या चकतीवर चेन न्यायची नाही. गिअर आऱ्यांत अडकला तर चाक तिथेच थांबतं. चेन तुटली असेल तर जोडकडी तिच्याच मापाची लागते. आठ गिअरची कडी दहा गिअरच्या चेनला बसवायचा प्रयत्न करू नका.

निघण्याआधी त्याला दोन्ही ब्रेक दाबून पाहायला लावा. चाक काढताना ब्रेकची वायर सोडलेली असते आणि परत अडकवायची राहून जाते. ट्यूब दिलीत तर पैसे घ्यायचे की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. बहुतेक जण ‘पुढच्याला द्या’ म्हणून निघून जातात.