थोमाचे आठ दिवस

"ताई, मला शंका येतात. मग मी ख्रिस्ती उरले का?" मी समुपदेशक आहे; हा प्रश्न माझ्याकडे बरीच माणसं आणतात आणि बहुतेक जण तो दबक्या आवाजात विचारतात, चोरी कबूल करावी तसा. त्यातल्याच एका मुलीची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती सव्वीस वर्षांची, गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करणारी. कुटुंब मूळचं नगरकडचं. वडील वास्कोला बंदरात कामाला लागले आणि इथेच स्थिरावले. घरात रात्रीची कौटुंबिक प्रार्थना, रविवारी मराठी उपासना. ही शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबलवर्गात, शिकवायची. "मुलांना सांगते, देव ऐकतो. आणि मलाच वाटतं, वर कुणी नाहीच. ढोंगी आहे मी."

"कधीपासून असं वाटतं?" मी विचारलं. हे मी नेहमी विचारते. पुष्कळदा शंकेला तारीख असते.

सात महिन्यांपूर्वी तिची आई कर्करोगाने गेली होती. चर्चच्या मंडळीने उपास धरले होते, साखळी प्रार्थना केली होती. दफनानंतर सांत्वनाला आलेली एक बाई उठता उठता म्हणाली, "कुठंतरी विश्वास कमी पडला गं."

बोलता बोलता ती थांबली. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, आई शेवटच्या टप्प्यात असताना एका रात्री प्रार्थनेतच मनात आलं होतं की याने काही होणार नाही. त्या बाईंचं वाक्य ऐकलं आणि हिने मनाशी हिशेब मांडला: आपल्या त्या एका विचाराने आई गेली. सात महिने ती हे एकटी वाहत होती. देवच नाही असं ठरलं, तर निदान हा दोष तरी सुटत होता.

मी तिला स्पष्ट सांगितलं, "आईला कर्करोगाने नेलं. तुझ्या विचाराने नाही." आणि बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय उघडायला लावला. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच दमात दोन्ही. तरी त्याचा मुलगा बरा झाला. त्याच्या विश्वासाचं माप कुणी काढलं नाही. दुःखातल्या घरी जाऊन "विश्वास कमी पडला" म्हणणाऱ्यांनी हा अध्याय वाचावा, असं मला कळकळीनं वाटतं.

पुढच्या भेटीसाठी बायबलमधलं 88वं स्तोत्र वाचायला दिलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाकडे आशेकडे वळतात, हे मात्र अंधारातच संपतं. तरीही ती प्रार्थनाच आहे. "तुझी न केलेली प्रार्थना लिहून आण," म्हटलं. वहीत तिने एवढंच लिहून आणलं: आई परत दे.

प्रत्येकाची शंका अशी दुःखातून येत नाही. कुणाला खरोखर पवित्र शास्त्राविषयी, म्हणजे बायबलविषयी, किंवा विज्ञानाविषयी प्रश्न असतात. त्यांना वाचन हवं, जाणते पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, हवेत, समुपदेशक नको. कुणी पाप लागेल या धास्तीने एकच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणत बसतं, कुणाची झोप-जेवण सुटतं, जगणंच नकोसं होतं. अशा वेळी डॉक्टर लागतो. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आणि 14416 या सरकारी मोफत क्रमांकावर कधीही बोलता येतं. त्यात विश्वासाला कमीपणा नाही.

मग तिच्या संमतीने वडिलांना बोलावलं. ते सुरुवातीलाच म्हणाले, "आमच्या घरात असे प्रश्न कुणी विचारले नाहीत, मॅडम." मी त्यांना राशोलच्या छापखान्याची आठवण दिली. 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं, ख्रिस्ताची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण तिथं छापलं गेलं, आपल्याच मराठी ओव्यांत. त्यात श्रोते मधेच पाद्रीगुरूंना शंका विचारतात आणि गुरू उत्तर देतात. गोव्यात ही कथा चारशे वर्षांपूर्वी सांगितली गेली तीच प्रश्न ऐकून घेत.

ते गप्प झाले. मग मुलीकडे न बघता म्हणाले, "दफन झाल्यापासून मीही पवित्र शास्त्र उघडलेलं नाही. रात्री नुसतं हातात धरून बसतो, तुला दिसावं म्हणून."

ती रडली. तेही रडले. मी पाणी आणायला उठले आणि जरा उशिरानेच परतले.

थोमाबद्दल आम्ही शेवटी बोललो. थोमा हा येशूचा शिष्य; येशू मेलेल्यांतून उठला हे स्वतः पाहिल्याशिवाय मानणार नाही, असं तो म्हणाला होता. लोक त्याला संशयी म्हणून लक्षात ठेवतात. मला मधले आठ दिवस महत्त्वाचे वाटतात. बाकीचे म्हणत होते, आम्ही प्रभूला पाहिलं. याने पाहिलं नव्हतं. त्या दिवसांत काय घडलं ते योहानाचं शुभवर्तमान सांगत नाही. पण आठ दिवसांनी येशू आला तेव्हा थोमा त्याच खोलीत होता. तो निघून गेला नव्हता आणि त्यांनीही त्याला घालवलं नव्हतं.

तिने शब्बाथ शाळेतून तीन महिने सुट्टी घेतली, पाळकांना खरं कारण सांगून. त्यांनी ते मान्य केलं.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, आता कसं आहे?

"अजून माहीत नाही, ताई. पण रविवारी जाते. पप्पांच्या शेजारी बसते. गीत ते म्हणतात, मी पुस्तक धरते."